वडिलांच्या मागे कारभार दादाकडे. हिशोब मागितला तर काय चुकलं?

धाकटी
अण्णांना जाऊन चौदा महिने झाले. मृत्युपत्र नाही. वाई तालुक्यात पावणेदोन एकर, पुण्यात फ्लॅट आणि बँकेत ठेवी. आई, दादा, ताई आणि मी असे चौघे वारस. ठेवींवर नॉमिनी दादा, त्यामुळे पैसे त्याच्या खात्यात गेले. फ्लॅटचं भाडंही तोच घेतो. दिवाळीत जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "दादा, एकदा सगळं वहीत लिहून दाखवशील का?" वहिनी उठून आत गेली. दादा म्हणाला, "आता माझ्यावर पहारा का?" तेव्हापासून बोलणं बंद. आई म्हणते, तू विषय काढायलाच नको होतास.
माझं मत असं, की जो कारभार बघतो त्याने न मागता हिशोब द्यावा. पटतंय का?

थोरला_१
नाही पटत. तुमच्या दादाच्या जागी मी तीन वर्षं होतो. मृत्यूच्या दाखल्याच्या वीस प्रती काढल्या, त्याही पुरल्या नाहीत. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज, मग फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकारी. सोसायटीची कमिटी बदलली म्हणून तिथे पुन्हा पहिल्यापासून. बँकेत तर आधारवर 'दत्तात्रय' आणि पासबुकात 'दत्तात्रेय', एवढ्यावरून दोन महिने अडलं. रजा माझ्या, पेट्रोल माझं. बहिणीचा फोन यायचा, "झालं का रे?" बास. तुम्ही कधी दादाला विचारलंत, तुझे किती गेले म्हणून? आणि सणाच्या दिवशी, बायकोसमोर हिशोब काढलात. झोंबणारच.

धाकटी
सणाच्या दिवशी काढला ते चुकलं, कबूल. पण त्याचे किती गेले हे कळायलाही हिशोबच लागेल ना?

काळा_कोट
भावना बाजूला ठेवून सांगतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. विम्याबाबत हे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 1983 मध्येच सर्बती देवी खटल्यात सांगितलं होतं (2015 मध्ये विमा कायदा बदलला, तो भाग वेगळा), आणि शेअर्सबाबत डिसेंबर 2023 मध्ये. नॉमिनीच्या हाती रक्कम दिली की बँक मोकळी होते, वारसांचा हक्क जिथल्या तिथे राहतो. फ्लॅट आणि ठेवी अण्णांच्या स्वकष्टार्जित असतील तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघांना चार-चार आणे. (अण्णांची आई हयात असेल तर तीही वाटेकरी, मग पाच हिस्से. हे भलेभले विसरतात.) जमीन वडिलोपार्जित असली तरी 2005 च्या दुरुस्तीने मुलींचा हक्क जन्मापासूनचा आहे. भाडं एकट्याने ठेवून घ्यायचा अधिकार दादाला नाही. साधी नोटीस पाठवा, महिन्यात कागद येतील.

माहेरवाशीण_नको_वाटेकरीण
कागद येतील आणि माहेर जाईल. वकीलसाहेब, दोन चहाचे कप एकाच ओट्यावर धुवायचे असतात हो आम्हाला. माझ्या मावशीने नोटीस पाठवली होती. हिस्सा मिळाला, पण भाचीच्या लग्नाची पत्रिका कुरिअरने आली.

सही_केलेली
आठ वर्षांपूर्वी मी हक्कसोडपत्रावर सही केली, माहेर टिकावं म्हणूनच. दोनशेच्या स्टँपवर काम झालं (आता पाचशे लागतात). भाऊ गाडी घेऊन आला, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात अंगठा आणि फोटो झाला, येताना मिसळ खाऊ घातली. त्यानंतर ती गाडी माझ्या दारात आलेली नाही. कुरिअरने तरी पत्रिका आली म्हणायची तुमच्या मावशीला.

विहीरीवरचा
सगळे बहीण-भावावर भांडताय. आईचं काय? चार आणे तिचेही आहेत. ती 'विषय काढू नको' म्हणते कारण तिला दादाकडेच राहायचंय, दोन वेळचं ताट तिथेच आहे. तिचं मौन म्हणजे दादाला पाठिंबा समजू नका. आमच्या आजीने असंच तोंड मिटून काढलं, शेवटी औषधाला पैसे सुनेकडे मागायची, स्वतःच्या नवऱ्याच्या ठेवी असताना.

धाकटी
हे डोक्यातच आलं नव्हतं. आईच्या खात्यात चौदा महिन्यांत भाड्यातलं काही जमा झालंय का, तेही मला माहीत नाही.

थोरला_१
रात्रभर विचार केला, म्हणून परत लिहितोय. खरं सांगू? वही माझ्याकडेही नाही. पहिले तीन-चार महिने लिहिलं, मग राहिलं. माझे किती, वडिलांच्या पैशांतले किती, सगळं एकात एक झालं. एक पैसा खाल्लेला नाही, पण दाखवायला काही नाही. म्हणून कुणी विचारलं की राग येतो. तुमच्या दादाचंही असंच असेल. नसेलही.

काळा_कोट
'नसेलही' हे अधोरेखित. बँकेचा उतारा खोटं बोलत नाही, तेवढा मागा.

धाकटी
वहीचं आता बोलणारच नाही. रविवारी ताईला घेऊन जाते आणि दादाला म्हणते, असतील नसतील त्या पावत्यांची पिशवी दे, आम्ही दोघी लावून देतो. त्याचा खर्च आधी वजा. भाड्यातला आईचा हिस्सा या महिन्यापासून तिच्या खात्यात.

माहेरवाशीण_नको_वाटेकरीण
पिशवी मागितली काय नि हिशोब मागितला काय! दादा तेवढा भोळा नसेल.

धाकटी
नसू दे. वहिनीला आधी फोन करते.