उन्हाळी अभ्यासक्रमासाठी लंडन निवडावे की कोपनहेगन? सल्ला हवा आहे

प्रश्न (धागाकर्ती)

नमस्कार. मी कोल्हापुरात बी.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. पुढच्या उन्हाळ्यात परदेशी विद्यापीठात व्यवसाय आणि संस्कृती या विषयांवरचा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम करावा असे मनात आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे तीन आठवड्यांचे उन्हाळी सत्र किंवा कोपनहेगन बिझनेस स्कूलचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम, असे दोन पर्याय समोर आहेत. वडील गावातील दूध संस्थेचे सचिव आहेत आणि आमच्या घरातून शिकण्यासाठी परदेशी कोणीही गेलेले नाही. लंडनचे नाव सर्वांना ठाऊक असते, तेव्हा तेच बरे, असे नातेवाइकांचे मत आहे. एवढा खर्च आम्हाला एकदाच झेपणार आहे. म्हणून जे जाऊन आले आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १ (कोपनहेगनला शिकून आलेला वाचक)

धागाकर्ती, तुम्हाला वित्त क्षेत्रात जायचे असेल तर लंडनच निवडा. बँका आणि विमा कंपन्यांचे ते जग तिथे पायी फिरून पाहता येते. परंतु तुमच्या वडिलांचा उल्लेख वाचला आणि माझे मत कोपनहेगनकडे झुकले. शहराच्या नावापेक्षा, तिथे जे शिकाल ते घरी बसून शिकता आले असते का, हे आधी तपासावे.

कोपनहेगन ही डेन्मार्कची राजधानी, आणि तुमच्या वडिलांच्या संस्थेसारख्या सहकारी दूध संस्थांची त्या देशात जुनी परंपरा आहे. तिथली पहिली सहकारी दूध डेअरी १८८२ साली पश्चिम जटलंडमधील येडिंग या गावी सुरू झाली. त्याआधीच्या दशकात अमेरिका आणि रशियातून स्वस्त धान्य येऊ लागल्यामुळे तिथला धान्य पिकवणारा शेतकरी अडचणीत आला होता, आणि त्याच सुमारास दुधातून साय सतत वेगळी काढणारे यंत्र हाती आले. त्यामुळे अनेक गोठ्यांचे दूध एकत्र करून एकसारख्या दर्जाचे लोणी काढणे शक्य झाले, साय काढलेले दूध शेतकऱ्याला परत मिळू लागले, त्यावर डुकरे पोसली गेली, आणि लोण्याबरोबर बेकनचीही निर्यात ब्रिटनकडे सुरू झाली. मतदानाचा नियम मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो : मत डोक्यामागे, गुरांमागे नाही. दोन गायींचा मालक आणि पन्नास गायींचा मालक, दोघांनाही एकच मत. वर्षअखेरीचे अधिक उत्पन्न मात्र घातलेल्या दुधाच्या प्रमाणात वाटायचे. आपल्याकडे दूध संस्थेकडून दिवाळीला मिळणारे फरक बिल ज्यांनी हातात घेतले आहे, त्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

ही परंपरा केवळ इतिहासात राहिलेली नाही. किराणा दुकानात लुरपाक लोण्याचे पाकीट उचलले, तर ते ज्या आर्ला कंपनीचे आहे तिचे मालक आजही दूध उत्पादक शेतकरीच आहेत. यामागे डॅनिश विचारवंत ग्रुंटविग यांच्या विचारांतून उभ्या राहिलेल्या लोकशाळांचाही वाटा मानला जातो. त्यांपैकी पहिली १८४४ मध्ये रडिंग येथे सुरू झाली. परीक्षेसाठी न शिकता एकत्र राहून, बोलून शिकायचे, अशी ती पद्धत होती. तिची सावली मला वर्गातही जाणवली. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची, आणि गटातील कोणी गप्प बसले तर इतरांनी थांबून त्याचे मत विचारायचे. पहिले दोन आठवडे मला हे अवघड गेले, नंतर मात्र तीच सवय झाली.

एक गोष्ट आधीच सांगतो. जुलै महिन्यात तिथे बहुतेक लोक सलग सुट्टी घेतात. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात तीन आठवड्यांची सलग सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. त्यामुळे एखाद्या कंपनीला भेट द्यायची असेल, तर ती जूनच्या शेवटच्या आठवड्यातच ठरवून घ्या. माझ्या दोन भेटी याच कारणाने राहून गेल्या.

प्रतिसाद २ (वाणिज्य महाविद्यालयातील प्राध्यापिका)

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, परंतु श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) प्रश्न आधी सोडवावा. कोपनहेगनचा एक विषय साडेसात युरोपीय श्रेयांकांचा असतो. पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम, असे ते गणित आहे. म्हणजे सहा आठवड्यांत एका विषयासाठी आठवड्याला तीस तासांहून अधिक वेळ द्यावा लागतो. दोन विषय घेण्याचा मोह टाळावा. शिवाय हा अभ्यासक्रम जूनच्या अखेरीस सुरू होतो, तोवर आपल्याकडील नवे सत्र सुरू झालेले असते आणि हजेरीचा प्रश्न उभा राहतो. माझ्या एका विद्यार्थ्याने परत आल्यावर श्रेयांकांसाठी अर्ज केला, तेव्हा त्याच्या महाविद्यालयाने पूर्वपरवानगी नसल्याचे सांगून तो नाकारला. म्हणून विषयाचा आराखडा जोडून परवानगी लेखी घ्या आणि तिच्यावर प्राचार्यांचा शिक्का घ्यायला विसरू नका. महाविद्यालयाचा किंवा विद्यापीठाचा तिथल्या संस्थेशी करार आहे का, हेही विचारा. करार असल्यास शिक्षण शुल्क माफ होऊ शकते, आणि मग खर्चाचा विचारच बदलतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रात्री वडिलांना पहिला प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा मत डोक्यामागे असते हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावले. आता व्हिसा आणि जेवण या दोन शंका उरल्या आहेत. मी पूर्ण शाकाहारी आहे.

प्रतिसाद १

सहा आठवडे हे ९० दिवसांच्या आत बसतात, त्यामुळे अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांसाठीचा एकच व्हिसा) पुरतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो करावाच लागतो, पण तुम्ही एप्रिलमध्येच करा. किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय विमा संरक्षण आवश्यक असते. राहण्यासाठी सामायिक स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, कारण बाहेरचे जेवण फार महाग पडते. राईचा पाव, चीज, दही आणि भाज्या सहज मिळतात, डाळ आणि मसाले मात्र घरून न्या. फिरायला सायकल भाड्याने घ्या आणि थांबण्यापूर्वी हात वर करण्याची तिथली रीत पहिल्याच दिवशी शिकून घ्या, कारण मागून येणारे सायकलस्वार वेगात असतात.

आणखी एक, तुमच्या वडिलांच्या दूध संस्थेच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या वार्षिक अहवालांच्या प्रती सोबत ठेवा आणि जाण्यापूर्वी ताळेबंद वडिलांकडून समजून घ्या. गटप्रकल्पासाठी ते उपयोगी पडतील, आणि त्याचा विषय आमच्या वेळी पहिल्याच आठवड्यात ठरला होता.