कागदावरच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन: क्युरेशन आणि लेखन, सुरुवात कुठून करावी?

शाईरेघ:
मराठी साहित्यात एम.ए. झालंय. कलेवर लिहायचं आहे, पुढे क्युरेशनही (प्रदर्शनासाठी चित्रांची निवड आणि मांडणी) करायचं आहे. पुण्यात एका दिवंगत चित्रकाराच्या घरी सत्तरच्या दशकातली चाळीसेक कामं आहेत, सगळी कागदावर: जलरंग, चारकोल, थोडी पेस्टल. घरचे प्रदर्शनासाठी द्यायला तयार आहेत. दालनात भिंत एकूण ६० फूट मिळेल. आधी अभ्यासक्रम करावा का? कामाचा क्रम कसा लावायचा? आणि लिहायचं प्रदर्शनाआधी की नंतर?

मोजपट्टी:
आधी यादी. प्रत्येक कामाला क्रमांक द्या आणि शीर्षक, वर्ष, माध्यम, उंची × रुंदी, सही कुठे आहे, मागे काय लिहिलंय हे नोंदवा. फोटो समोरून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे. ‘मिश्र माध्यम’ लिहून सुटका करून घेऊ नका. शाई आणि जलरंग असेल तर तसंच लिहा. याच वेळी स्थिती-अहवाल करून टाका: घडी, फाट, बुरशी, तपकिरी ठिपके, जुनी सेलोटेप. चित्र ताब्यात घेताना हा अहवाल झाला नाही, तर परत देताना ‘हा डाग आधी नव्हता’ या वादाला उत्तर उरत नाही.

मग निवड. फ्रेमसह सरासरी २ फूट रुंदी आणि मध्ये १ फूट मोकळी जागा धरली, तर ६० फुटांत २० चित्रं बसतात. कोपरे, दार, विद्युत पेटी आणि मजकुराचा फलक वजा केला की १६. म्हणजे चाळिसातली चोवीस घरीच राहणार आणि कोणती, हे ठरवणं हेच क्युरेशन. दालनाचा १:२० प्रमाणात पुठ्ठ्याचा नमुना करा, चित्रांच्या चिठ्ठ्या त्याच प्रमाणात कापा आणि हलवून बघा. नुसत्या आराखड्यावर भिंतीची उंची कळत नाही आणि एका भिंतीवरून दुसरी दिसते तेव्हा काय घडतं तेही कळत नाही.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंमी. फ्रेम ९० सेंमी उंच आणि तिच्या मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून १० सेंमी खाली येत असेल, तर खिळा १५० + ४५ − १० = १८५ सेंमीवर. वरच्या कडा एका रेषेत आणायचा मोह टाळा. आकार लहानमोठे असतील तर भिंत वाकडी भासते.

जलरंगावर प्रकाश ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपास ठेवा. दालनातले नेहमीचे स्पॉटलाइट याच्या कितीतरी पट प्रखर असतात आणि उडालेला रंग परत येत नाही.

तळटीप:
लेखन आधी, मध्ये आणि नंतरही. आपल्याकडे लेखनातून क्युरेशनकडे जाणारी वाट चांगली मळलेली आहे. रणजित होस्कोटे कवी आणि वृत्तपत्रातले कलासमीक्षक. २०११ च्या व्हेनिस बिनालेतलं (दर दोन वर्षांनी भरणारं आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन) भारताचं दालन त्यांनी क्युरेट केलं. नॅन्सी अदजानिया याही मूळच्या लेखक-अभ्यासक. चित्रकार सुधीर पटवर्धन यांचं २०१९ मधलं मुंबईच्या एनजीएमएतलं (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) मोठं प्रदर्शन अदजानियांनी क्युरेट केलं. तेव्हा साहित्याची पदवी अडसर नाही. अभ्यासक्रमातून इतिहास आणि ओळखी मिळतात: बडोद्याचा कला-इतिहास विभाग, जेएनयूचा कला व सौंदर्यशास्त्र विभाग. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयानेही कला-इतिहास आणि क्युरेशनची पदविका चालवली आहे. सध्या प्रवेश आहेत का ते विचारून घ्या. पण हाती चाळीस चित्रं असताना प्रदर्शन अभ्यासक्रमासाठी थांबवू नका.

तीन वेगळे मजकूर लागतील. दालनाला द्यायची संकल्पना-टीप ३०० शब्द. भिंतीवरचा मजकूर १५० शब्द. उभ्याने याहून जास्त कोणी वाचत नाही. निवडक चित्रांखाली ५०-६० शब्द. सगळ्यात जास्त बिघडते ती संकल्पना-टीप: ‘स्मृती, अवकाश आणि अस्मितेचा शोध’. कसोटी सोपी आहे. वाक्यातलं चित्रकाराचं नाव बदलून बघा. वाक्य तरीही खरं वाटलं तर खोडा. चारकोल कुठे बोटाने पुसलाय, कागद कुठे कोरा सोडलाय, इथून लिहायला लागा. मराठी मजकूर मराठीतच लिहा. इंग्रजीवरून उतरवलेला फलक वाचक दुसऱ्या ओळीला सोडतो, आणि मराठी प्रेक्षकाचा हा अपमान थांबायला हवा असं मला मनापासून वाटतं.

शाईरेघ:
खूप आभार. फ्रेम कशा कराव्यात? आणि चित्रं घरच्यांचीच आहेत, तर कॅटलॉग छापायला त्यांची तोंडी परवानगी पुरेल ना?

मोजपट्टी:
आम्लमुक्त माउंट (फ्रेममध्ये चित्राला आधार देणारा जाड पुठ्ठा) घ्या. चित्र चिकटवायचं नाही. वरच्या कडेला दोन जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावून लटकतं ठेवायचं. काच कागदाला टेकता कामा नये. चारकोल आणि पेस्टलला अ‍ॅक्रिलिक नको, साधी काच. अ‍ॅक्रिलिकवर स्थिर विद्युत साठते आणि भुकटी ओढली जाते. जुलै-ऑगस्ट टाळा. आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते. दिवसा एसी चालू, रात्री बंद हे तर आणखी वाईट; कागद सारखा फुगतो-आकसतो.

कोरा करार:
तोंडी पुरणार नाही. चित्राची मालकी आणि त्याचा कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रकाराच्या मृत्यूनंतर हक्क ६० वर्षं टिकतो आणि तो वारसांकडे जातो. वारस तीन असतील तर तिघांच्या सह्या घ्या. कॅटलॉग, पोस्टर, समाजमाध्यमं हे तिन्ही वापर नावानिशी लिहा. पुढे कोणाला विकलेलं एखादं चित्र आणलंत, तर ते द्यायला मालकाची परवानगी आणि छापायला वारसांची.

विमा चित्र घरच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत त्याच भिंतीवर लागेपर्यंतचा घ्या. फक्त दालनातला विमा घेतला तर टेम्पोतलं नुकसान त्यात बसत नाही. प्रत्येक चित्राची किंमत घरच्यांकडून लेखी हवी.

तुमचं मानधनही करारात: क्युरेशन वेगळं, कॅटलॉगमधला लेख वेगळा. एक हप्ता सही करताना, दुसरा अंतिम यादी दिल्यावर, उरलेला उद्घाटनाच्या आधी. उद्घाटनानंतरवर काहीही ठेवू नका. आणि चित्रं परत करताना तोच स्थिती-अहवाल समोर धरून एकेकावर पोच घ्या.