अनुभव धागा : डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी, दोन रेल्वेंच्या मधली वस्ती

एका अंगाला पश्चिम रेल्वेचं लोअर परळ, दुसऱ्या अंगाला मध्य रेल्वेचं करी रोड. मधल्या पट्ट्यात आपला डिलाईल रोड, कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग. इथल्या ३२ बीडीडी चाळींच्या जागी आता टॉवर येतायत. वरळी, नायगाव, शिवडी धरून अशा एकूण २०७ इमारती. १९२० साली, गव्हर्नर जॉर्ज लॉईडच्या काळात निघालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या. नकाशे सरकारी फायलींत राहतील. खोलीत कोण कुठे झोपायचं हे तिथे राहिलेल्यांनाच ठाऊक. ते लिहा. आठवण छोटी असली तरी चालेल, पण नेमकी हवी.

सुरुवात मी करते. तळमजला अधिक तीन मजले, मधोमध पॅसेज, दोन्हीकडे दहा-दहा खोल्या, प्रत्येक १६० चौरस फुटांची. पॅसेजमध्ये भरदिवसाही दिवा लागायचा. आमच्या खोलीत मोरीवर माळा होता. त्यावर पितळी पिंप, गणपतीचं मखर आणि भावाचा अभ्यास. दहावीचं अख्खं वर्ष त्याने तिथे काढलं. ताठ उभं राहता यायचं नाही. आजोबा आणि काका पॅसेजमध्ये पथारी टाकत. कुणाची पथारी कुठवर, हे ठरलेलं. पहाटे पाण्याला उठलेली आजी अंधारातही कुणाला पाय न लावता नळापर्यंत जायची.

गाव आजरा
आमची खोली गावाची होती, एका कुटुंबाची नाही. गावाहून गिरणीत लागलेला प्रत्येक जण आधी तिथेच उतरायचा. भिंतीला ओळीने खिळे, खाली ओळीने पत्र्याच्या ट्रंका. खिळा आणि ट्रंक एवढंच माणसाचं स्वतःचं. पहिली पाळी सातला, दुसरी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. पाळ्या वेगवेगळ्या म्हणूनच एवढी माणसं मावायची. एक उठला की त्याच जागेवर दुसरा आडवा. भाडं सगळ्यांत वाटून. सणाला गावी जाणाऱ्याच्या हाती बाकीच्यांचे पैसे आणि निरोप. वडील गिरणीबद्दल फारसं बोलत नसत, त्या खोलीबद्दल मात्र रात्र-रात्र बोलायचे.

माहेरवाशीण
दादा, तुमच्या खोलीतली माणसं कदाचित आमच्याकडेच जेवली असतील! आईची खाणावळ होती. महिन्याचं खातं, रविवारी मटण. स्टोव्हच्या आवाजात आम्ही पाढे पाठ केले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि आईच्या वहीत येणं चढत गेलं. तिने जेवणाची पानं बंद केली नाहीत. मटण बंद झालं, मग भात कमी आणि भाकरी जास्त, मग पिठलं रोजचंच. माणसं एकेक करून गावी गेली. पुढे दोन-तीन वर्षांनी एक जण तांदळाचं पोतं घेऊन आला आणि म्हणाला, "वहिनी, माझं नाव खोडा." ती वही माझ्याकडे आहे. त्यातली बरीच नावं अजून खोडलेली नाहीत.

वर्कशॉपवाला
आमचे वडील लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये, त्यामुळे संपात आमच्या घरी पगार येत होता. मजल्यावर उसनं मागायला लोक आधी आमच्या दारात. आईने कुणाला परत पाठवल्याचं मी पाहिलं नाही.
पुलाबद्दलही लिहायला हवं. जुलै २०१८ मध्ये डिलाईल पूल बंद झाला, पाडला, आणि पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. रुळांपलीकडे कामाला जाणाऱ्यांनी पाच वर्षं वळसे घातले. म्हाताऱ्यांचं तर वरळीला नातेवाइकांकडे जाणंच तुटलं. याची नोंद कुठे होत नाही म्हणून इथे करतो.

श्रमिकचा चढाईपटू
श्रमिक जिमखान्याची कबड्डी विसरू नका. सामना असला की आजूबाजूच्या खिडक्या भरायच्या आणि आमच्या मजल्यावरून आवाज यायचा, "पाय काढ, पाय!"

सून
सगळं वाचलं, डोळे भरून आले. तरी एक सांगते. मजल्याच्या सामायिक संडासापुढे पाळीच्या दिवसांत, बाळंतपणात रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला विचारा चाळ कशी होती. सासूबाई गुडघे धरून उभ्या राहायच्या. मला नवीन घर हवं आहे, आणि त्यात दाराआडचा स्वतःचा संडास सगळ्यात आधी हवा आहे.

धागाकर्ती
वहिनी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. धाग्यात हे हवंच होतं. आणखी जणींनी लिहा. आणि माहेरवाशीण ताई, त्या वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवा. नावं वाचता येत असतील तर कोणकोणत्या गावची माणसं होती, तेवढं तरी इथे टाका. आजऱ्याचे दादा ओळखतील.