आवडत्या छापाची मांडीवरची गोधडी: कापड किती, आत काय, बिघडतं कुठे?

मांजरी, बसगाड्या, वाघ, संत्र्याच्या फांद्या. असं गमतीचं छापील कापड हौसेनं घेतलं जातं आणि कपाटातच राहतं, कारण कुर्ता घालवत नाही आणि पडद्याला पुरत नाही. मांडीवर घ्यायच्या गोधडीला मात्र ते चपखल बसतं. माप ३६ बाय ४८ इंच धरू या. खुर्चीत बसलेल्याला कमरेपासून खाली पुरतं, आणि ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात खालचं अस्तर जोड न देता निघतं. ज्यांचा हात यात बसलाय त्यांनी इथे लिहा, उत्तराच्या वर आपलं टोपणनाव घालून. कोणाला भेट दिली आणि घेणारं माणूस किती खूश झालं हे नंतर. आधी आकडे.

पाव इंच

डिझाइन आधी ठरवून छाप त्यात कोंबला की गोधडी फसते. आधी छापातलं सगळ्यात मोठं चित्र पट्टीनं मोजा. ते ४ ते ५ इंचांचं असेल तर ६ इंची चौकोन, म्हणजे कापायचा साडेसहा. दोन इंचांच्या मांजरी असतील तर ४ इंची चौकोन चालतो, पण मग तुकडे १०८ होतात. चित्र ७ इंचांच्या वर गेलं तर चौकोनांचा नाद सोडा.

साडेसहा इंचांचा पुठ्ठा घेऊन त्यात ६ इंचांची खिडकी पाडा. कडेची पाव इंच पट्टी शिवणीत जाणार. खिडकी कापडावर सरकवत न्या. वाघाचा कान कडेला टेकत असेल तर हलवा, चित्राभोवती निदान अर्धा इंच मोकळं हवं. मग पुठ्ठ्याच्या बाहेरून आखा. चित्राला वर-खाली असेल तर प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला वरच्या दिशेचा बाण काढा, नाहीतर जोडताना एखादी बस हमखास चाकं वर करते.

हिशोब: ६ बाय ८ मिळून ४८ चौकोन, २४ छापील, २४ साधे. साधे रुंदीत सहा बसतात, चार ओळींना २६ इंच लागतात, आटणं धरून पाऊण मीटर. छापील कापड चित्र मधोमध धरून कापायचं असेल तर सव्वा ते दीड मीटर. साधा रंग छापातलाच घ्या, पण दुय्यम. पार्श्वभूमीचाच रंग घेतला तर चित्रं बुडून जातात.

शिलाई पाव इंचच. पाव इंचाऐवजी तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) गेलं तर दर जोडाला दोन्ही बाजूंचं मिळून पाव इंच खाल्लं जातं. ओळीत पाच जोड, म्हणजे सव्वा इंच गायब. त्यातही काही ओळींत गेलं आणि काहींत नाही, तर चौकोनांचे कोपरे जुळतच नाहीत. पहिली ओळ शिवून मोजा, साडेछत्तीस भरली तरच पुढे जा. शिवणींची इस्त्री एका ओळीत डावीकडे, पुढच्या ओळीत उजवीकडे. मग जोड एकमेकांत बसतात, गाठ येत नाही.

गांधीबागचा गिऱ्हाईक

कापड घेतानी थान दोन-तीन मीटर उघडून पाहजा, वरची घडी पाहून घेऊ नका. पुष्कळदा छाप किनारीला काटकोनात नसते, तिरका सरकलेला असते. रुंदीभर अर्ध्या इंचाच्या वर तिरका असला तर ते थान ठेवून देजा. काहून की धाग्यानं कापलं तर चित्र वाकडं दिसते, चित्रानं कापलं तर कड ताणते.

रेयॉन नको, शिवतानी सरकते. सुत्यात पॉलिएस्टर असल्याची शंका असली तर एक धागा जाळून पाहजा. सुती कागदावानी जळून राख होते, पॉलिएस्टरची कडक गोळी होते. लाल, मरून, गडद निळा असला तर ओला पांढरा रुमाल ठेवून वरून गरम इस्त्री दाबजा. रुमालाला रंग लागला तर ते कापड वेगळं, पाणी साफ निघेपर्यंत धुजा. मीठ-तुरटीवर भरवसा नको. आणि आटते हे धरूनच चाला, सुती कापड शेकडा ३ ते ५ सहज आटते. कापायच्या आधीच सगळं धुऊन घेजा.

सलग

मोठ्या चित्राचं कापड कापूच नये या मताची मी. मधला तुकडा साडेचोवीस बाय साडेछत्तीस, एक मीटरमध्ये बसतो, पण आटणं धरून थोडं जास्त घ्या. भोवती ६ इंची काठ. गंमत म्हणजे या मापात चारही काठ सारखेच कापायचे: साडेसहा बाय साडेछत्तीस. आधी दोन लांब बाजूंना, मग वर-खाली. काठाला ७५ सेंटिमीटर पुरतं. काठाची लांबी मधल्या तुकड्याच्या कडेवरून मोजू नका, मधोमध पट्टी धरून मोजा. कड ताणलेली असते, तिच्या मापानं काठ लावला की गोधडी लाटांसारखी उठते.

जुनी साडी

आत जुनी सुती साडी. साडेपाच मीटरच्या साडीतून ४० बाय ५२ चे चार थर निघतात. धुऊन मऊ झालेली असते, आता आटत नाही. विरलेले भाग टाळा, तिथून आधी फाटतं. रंग गडद असेल तर साडीचे काठ पांढऱ्या चौकोनातून दिसतात, म्हणून वरचा थर फिक्या साडीचा.

पाव इंच

साडीचे चार थर झाले की सुई हाताला जड जाते, शिवाय वजन येतं. पॉलिएस्टर वॅडिंगची, म्हणजे आत घालायच्या फुगीर थराची, १०० ते १५० जीएसएमची (चौरस मीटरला इतके ग्रॅम) शीट हलकी, लवकर वाळते. पिंजलेला कापूस मात्र अशा गोधडीत नको, धुतला की गोळे होतात.

जुनी साडी

थंडीचं ठीक. पण नागपुरात ही गोधडी उन्हाळ्यात कूलरसमोरही लागते. तेव्हा वॅडिंगखाली घाम येतो. त्यासाठी वेगळी करा, आत फक्त एक मलमलचा थर, दोहरीसारखी (उन्हाळ्यातलं पातळ पांघरूण).

धावदोरा

अस्तर ४० बाय ५२ कापा, दीड मीटर लागतं. फरशीवर उलटं ताणून कडा चिकटपट्टीनं बसवा, पंखा बंद. त्यावर आतला थर, त्यावर वरचा, आणि मधून बाहेर दर चार इंचांवर कच्चे टाके. कडेकडून मध्ये आलात तर मध्ये फुगा राहतो, आणि तो नंतर टाक्यांत चुण्या होऊन बसतो.

धावदोराही मधूनच बाहेर, इंचात पाच-सहा टाके. चेहऱ्यावरून टाका नेऊ नका, चित्राच्या बाहेरच्या रेषेलगत फिरवा. ओळींमध्ये तीन-चार इंचांपेक्षा जास्त अंतर ठेवलं तर आतला थर धुण्यात सरकतो. मशीनवर करायचं तर १६ नंबरची सुई, टाका ३ ते साडेतीन मिलिमीटर, आणि दाबपट्टीचा वरचा स्क्रू थोडा सैल. दाब जास्त असला की वरचं कापड पुढे ढकललं जातं आणि शेवटी गोळा होतं.

मगजी

मगजी म्हणजे कडेभोवती लावायची पट्टी. गोधडीचा घेर १६८ इंच. अडीच इंची पाच पट्ट्या, ४० सेंटिमीटर कापड. कोपरे सरळ असतील तर सरळ धाग्याची पट्टी, गोल असतील तरच उरेब (तिरकी कापलेली). पट्ट्यांचे जोड तिरके द्या, आडवा जोड एकाच जागी जाड होतो. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून दोरा तोडायचा, पट्टी वर दुमडायची, खाली आणायची, कडेपासून पुन्हा सुरू.

नवशिका

मेमध्ये धुतली तर उन्हात रंग उडतो का?

जुनी साडी

उडतो. उलटी करून वाळवा, अस्तर वर. दुपारच्या उन्हात झपाट्यानं वाळते, वाळली की लगेच उचला. पावसाळ्यात धुऊच नका, साडीचे थर आतून ओले राहतात आणि कुबट वास बसतो.