दुपारी चारला मुलं येणार कशी?

उन्हाळी सुट्टीत वाचनालयात रोज दुपारी चारला गोष्टींचा तास ठेवावा, ही सूचना पुण्यात चालेल. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो, त्या उन्हात पोराला सायकलवर कोण सोडेल? सकाळी आठ ते दहा ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत खेड्यातली बरीच मुलं कापूस वेचायला जातात. तेव्हा कार्यक्रम नको, नुसती पुस्तकं घरी नेऊ द्या.

आणि वाचून दाखवण्यावर थांबू नका, लिहायलाही लावा. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे. रोजचं कुणाला झेपणार? पण महिन्याला एक भित्तिपत्रक जमतं. आजीकडची अहिराणी कोडी, म्हणी त्यात येऊ द्या. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, मुलगा सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ओव्या उतरवून घेतल्या म्हणून त्या उरल्या. एवढं सांगितलं तरी मुलं वही काढतात (आज्याही खुलतात, तो भाग वेगळाच).

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन मला बहुतेक ठिकाणी फोटोपुरताच वाटतो. त्याआधी बालविभागाच्या कपाटाचं कुलूप काढा. पुस्तकं फाटतील असं वाचनालयवाले म्हणत असतील, तर डिंक आणि चिकटपट्टी माझ्याकडून.