गझालीने तत्त्वज्ञान संपवलं, हे खरं आहे का?

वाटसरू:
इस्लामी जगातल्या तत्त्वज्ञानाचा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य कानावर येतं: गझाली या धर्मशास्त्र्याने १०९५च्या सुमारास 'तहाफुत अल-फलासिफा' (तत्त्वज्ञांची विसंगती) लिहिलं आणि तिथला विचार थांबला. मला हे पटत नाही. त्या ग्रंथात इब्न सीना या तत्त्वज्ञाच्या परंपरेतली २० मतं त्याने एकेक करून खोडली आहेत, तीही त्यांच्याच तर्कशास्त्राने. कापूस आणि आगीचं उदाहरण घ्या. आग भिडली आणि कापूस जळला, एवढं दिसतं. पण तो आगीमुळेच जळला, हे कुठे दिसतं? युरोपात ह्यूम या तत्त्वज्ञाने अशीच शंका काढली ती साडेसहाशे वर्षांनी. विचाराचा शत्रू असा असतो का?

रोखठोक:
वाटसरू, ग्रंथाचा शेवट तुम्ही गाळलात. जग अनादि आहे, ईश्वराला सामान्य तत्त्वं कळतात पण एकेक वस्तू नाही, मेल्यावर देह पुन्हा उठत नाही, ही ३ मतं त्याने सरळ कुफ्र, म्हणजे धर्म नाकारणं, ठरवली. हा शब्द नुसता वादातला नाही, कायद्यातला आहे. माणसाच्या जिवावर बेततो. आणि गझाली तेव्हा बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत होता, खुद्द वजिराने नेमलेला. तत्त्वज्ञ इब्न रुश्दने त्याला सविस्तर उत्तर लिहिलं, पण ११९५मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबाच्या या काझीलाच लुसेनाला हद्दपार केलं. त्याचे ग्रंथ जाळले.

वाटसरू:
कुफ्रचा मुद्दा मान्य, ती जखम खरीच आहे. पण जाळण्याचं म्हणाल तर इब्न रुश्दच्या जन्माआधी, ११०९मध्ये, त्याच कोर्दोबात गझालीचा 'इह्या' हा धर्मविषयक ग्रंथ जाळला होता! ते सगळं एका ग्रंथाच्या माथी कसं मारता?

मीमांसक:
पॅरिसच्या बिशपने १२७७मध्ये २१९ मतांवर बंदी घातली. जग अनादि असल्याचं मत त्यातही होतं. तरी 'ख्रिस्ती तत्त्वज्ञान संपलं' असं कोणी म्हणत नाही. मग हा न्याय बगदादलाच का? आपल्याकडे लखनौच्या फिरंगी महलात अठराव्या शतकात दर्स-ए-निजामी हा अभ्यासक्रम घडला, त्यातही तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान होतंच. संपलेली गोष्ट सहाशेहून जास्त वर्षांनी कोण शिकवतं?

रोखठोक:
मीमांसक, पॅरिसात विद्यापीठ होतं, अ‍ॅरिस्टॉटल शिकवायला वेगळी विद्याशाखा होती. बंदी आली तरी शिकवणाऱ्यांचे पाय रोवलेले होते. मदरसा मुळात फिक्हसाठी, म्हणजे धर्मकायद्यासाठी. तिथे तर्कशास्त्र टिकलं, कारण गझालीनेच त्याला धर्मशास्त्राच्या हाताखालचं हत्यार करून दिलं. 'मुस्तस्फा' या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की ज्याला तर्कशास्त्र येत नाही त्याच्या विद्येवर भरवसा नाही. हत्यार वाचलं. पण मनाला येईल तो प्रश्न विचारायची मोकळीक? मी तिच्याबद्दल बोलतोय.

वाटसरू:
मोकळीक म्हणता, तर सतराव्या शतकातला इराणमधल्या शिराझचा तत्त्वज्ञ मुल्ला सद्रा वाचा. देह पुन्हा कसा उठेल, हाच प्रश्न त्याने उघड हाती घेतला आणि स्वतःचं नवं उत्तर दिलं. गझालीने ज्यावर कुफ्रचा शिक्का मारला, तोच प्रश्न.