मदत हवी आहे : जवळचं फूल आणि मागचे डोंगर, दोन्ही शार्प कसे मिळवायचे?

कासच्या पठारावर तेरड्याची फुलं अगदी पुढे आणि मागे डोंगररांग, अशी फ्रेम हवी आहे. कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, २४ मेगापिक्सेल, लेन्स १८-५५ किट. फूल लेन्सपासून साधारण ३० सेंटिमीटरवर.

१८ एमएमला अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/११ ठेवून फुलावर फोकस केला तर डोंगर मऊ येतात. गणिताने या सेटिंगला हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केल्यावर अनंतापर्यंत शार्प येतं ते सर्वांत जवळचं अंतर) सुमारे १.६ मीटर निघतं, म्हणजे तिथे फोकस केल्यास ८० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत शार्प. पण मग फूलच गेलं! एफ/२२ लाही जवळची मर्यादा ४० सेंटिमीटरच्या आसपास येते, शिवाय डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळाच फोटो धुरकट. त्यामुळे 'अ‍ॅपर्चर आणखी बंद करा' हा सल्ला कृपया नको.

फोकस स्टॅकिंगही (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या फ्रेम एकत्र जोडणं) करून पाहिलं. ट्रायपॉड होता, पण पठारावरचा वारा काही थांबत नाही. प्रत्येक फ्रेममध्ये फूल वेगळ्या जागी, आणि जोडताना पाकळ्यांच्या कडेला भुतासारख्या दुहेरी रेषा. ढगाळ उजेडात आयएसओ ८०० ला शटर १/१२५ च्या वर जात नाही.

नवी लेन्स घेणार नाही. पायवाट सोडून फुलांत शिरायचं नाही, हे तर आलंच.

फक्त दोनच फ्रेम, एक फुलावर आणि एक डोंगरावर, घेऊन हाताने मास्क करणं (एडिटिंगमध्ये प्रत्येक फ्रेमचा हवा तो भाग निवडून जोडणं) वाऱ्यात जमतं का? की फूल ८० सेंटिमीटरवर येईल इतकं मागे सरकून एफ/११ लाच एक फोटो घ्यावा आणि क्रॉप करावा? ज्यांनी दोन्ही केलंय त्यांना प्रिंटमध्ये, १२ × १८ इंचाला, कुठलं बरं दिसलं?